पोटातल्या गोळ्याचा हिशेब

माझं लग्न जवळजवळ मोडलं होतं, आणि ते एका पाळण्यामुळे. तुमच्या मनात आलं तसलं काही नाही.

आत्यानं स्थळ सुचवताना मुलीकडच्यांना सांगून टाकलं होतं, "मुलगा जर्मनीत असतो, म्युनिकला. पाळण्यांचं काम करतो." आता पाळणा म्हटलं की आमच्या वाईच्या माणसाला दोनच पाळणे आठवतात. एक बारशातला आणि दुसरा जत्रेतला. मुलीच्या मावशींनी बारशातला धरला. कांदेपोह्यांची बशी पुढे करता करता त्यांनी विचारलं,

"सागवानी करता का स्टीलचे?"

"स्टीलचे," मी खरं ते सांगितलं.

"बरं पडत असेल. धुता येतो."

"हो. आणि एका वेळी चोवीस जण बसतात."

मावशींचा हात बशीसकट हवेत राहिला.

मुलीच्या वडिलांनी जत्रेतला पाळणा धरला होता आणि तो जास्त घातक होता. त्यांच्या डोळ्यांपुढे पुसेगावच्या यात्रेतला आकाशपाळणा फिरत होता, त्याच्याखाली बनियनवर उभा राहून विडी ओढत इंजिनाचा पट्टा ताणणारा इसम होता, आणि त्या इसमाला माझा चेहरा होता.

"नोकरी पर्मनंट आहे?"

"हो."

"म्हणजे एका जागी? का यात्रेबरोबर गावोगाव फिरावं लागतं?"

"नाही नाही, ऑफिसात. कॉम्प्युटरवर."

"कॉम्प्युटरवर बसून पाळणा हलवता?"

मग मी हाताची गाडी करून त्यांना रोलर कोस्टर समजावला. हात वर गेला, थांबला, खाली कोसळला, उलटा झाला, चहाच्या कपाला लागला. ते शांतपणे माझ्या हाताकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "घाट आहे."

"घाटच. फक्त रूळ असतात."

"आणि लाइट गेली तर?"

मुलीचे वडील वीजखात्यातून रिटायर झालेले. हा प्रश्न आयुष्यभर लोकांनी त्यांना विचारला होता. तो दुसऱ्या कुणाला तरी विचारायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती, आणि त्यांनी ती अशी काही साधली की माझ्या कपाळाला घाम आला. पण या एका प्रश्नाचं उत्तर मला झोपेत उठवून विचारलं तरी येतं. मी सांगितलं की आमचे ब्रेक मिटलेलेच असतात. ते उघडे धरायला हवेचा दाब लागतो. लाइट गेली की दाब जातो, दाब गेला की ब्रेक आपोआप मिटतात. शेवटचे ब्रेक तर चुंबकाचे. गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांच्या मधून धावली की त्या पट्टीत आपोआप वीज तयार होते आणि तीच वीज गाडीला मागे खेचते. बाहेरून लाइट लागतच नाही.

"म्हणजे," ते सावरून बसले, "लाइट गेल्यावर तुमची यंत्रणा काम करायला लागते?"

"हो."

ते काही वेळ खिडकीबाहेरच्या खांबाकडे बघत राहिले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अहो, तारखा बघायला घ्या."

मुलीला मात्र या सगळ्यात कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं नंतर सांगितलं की तिचा होकार चोवीस जणांच्या वाक्यालाच पक्का झाला होता.

"मजा आहे बुवा तुझी! दिवसभर बसायचं, फिरायचं, वर पगार!" सुट्टीत गावात पाऊल टाकलं की पहिल्या तासात हे वाक्य ऐकावं लागतं. यांना कसं सांगावं? रोलर कोस्टरचं डिझाइन करणारा माणूस दिवसभर काय करत असेल, तर तक्ते भरतो. सगळ्या सीटा भरलेल्या असतील तर रुळावर भार किती, अर्ध्या असतील तर किती, डावीकडे सगळे पैलवान आणि उजवी बाजू रिकामी असेल तर किती, वर वादळ आलं तर किती, बर्फ साचलं तर किती. प्रत्येक बोल्ट कुणी आवळला, कधी आवळला, किती जोरानं आवळला, याची नोंद. माझ्या एका बोल्टची जेवढी कागदपत्रं आहेत तेवढी आमच्या सातबाऱ्याची नाहीत. अशी तीन वर्षं घासायची, की त्यातून एक कोस्टर तयार होतो, आणि तो एक मिनिट पन्नास सेकंदांत संपतो. माझं हे दुःख फक्त पहाटे पाचला उठून पुरण वाटणाऱ्या बाईलाच कळू शकेल.

आणि बसायचं, फिरायचं म्हणाल, तर मला गाडी लागते.

हसू नका. वाई ते पाचगणी, जेमतेम दहा-बारा किलोमीटरांचा पसरणी घाट. लहानपणी त्या घाटातलं एकही वळण मी कोरडं सोडलेलं नाही. आलेपाक झाला, लिंबू झालं, ॲवोमिन झाली, खिडकीची जागा झाली. कुणी सांगितलं, वर्तमानपत्रावर बसलं की गाडी लागत नाही. मी अग्रलेखावर बसून ओकलो, क्रीडापानावर बसून ओकलो, एकदा तर रविवारच्या पुरवणीवर बसलो होतो, तिच्यात प्रवासवर्णन होतं.

सहावीत शाळेची सहल गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेली. खाडी ओलांडायला बोट होती. मला बोट लागली. पलीकडे पोचेपर्यंत माझा रंग बघून सरांनी मला एका बाकावर बसवलं आणि माझ्याभोवती चाळीस मुलांच्या पिशव्या रचल्या. दिवसभर मी त्या पिशव्यांच्या गढीत बसून समोरच्या पाळण्यांची गाडी बघत होतो. मित्र वरून किंचाळत जात होते, आणि मला दुसरं काही करायला नसल्यामुळे मी गाडीच्या खाली बघत होतो. तिथे चाकं होती. रुळाच्या वर एक, बाजूला एक, आणि चक्क रुळाच्या खाली एक! गाडीनं रूळ असा धरला होता, जशी आई गरम पातेलं सांडशीत धरते. सुटायची सोयच नव्हती. परतीच्या बोटीत सगळी पोरं आपापल्या शौर्याच्या गोष्टी सांगत होती, आणि मी अर्धमेल्या आवाजात खालच्या चाकाबद्दल सांगत होतो. त्या दिवसापासून वाईत माझं नाव चाक्या पडलं. अजूनही ढोल्या गणपतीसमोर "ए चाक्या" अशी हाक आली तर मी वळतो.

ते खालचं चाक जॉन मिलर नावाच्या अमेरिकनानं काढलं आणि 1919 साली त्याचं पेटंट घेतलं, हे मला फार नंतर कळलं. त्याहून मोठा दिलासा रॉन टूमरनं दिला. अमेरिकेतला हा बाप माणूस. 1975 चा पहिला कॉर्कस्क्रू त्याचा, 1989 चा 200 फुटांवर जाणारा मॅग्नम त्याचा. आधी रॉकेट-क्षेपणास्त्रांच्या धंद्यात होता. आणि त्याला गाडी लागायची! स्वतःच्या कोस्टरमध्ये तो क्वचितच बसायचा. हे वाचलं त्या रात्री मी आईला फोन करून म्हटलं, "आई, माझ्यासारखा अजून एक आहे." आई म्हणाली, "त्याला आलेपाक द्यायला सांग."

इंजिनिअरिंगला मी सिव्हिल घेतलं, कारण इमारती हलत नाहीत. पण तिसऱ्या वर्षी रेल्वेचा विषय आला आणि त्यात क्लोथॉइड भेटला. सरळ रूळ एकदम गोल वळवला तर डबा झटका खातो, म्हणून वळण आधी जवळजवळ सरळ ठेवतात आणि मग हळूहळू आवळत नेतात. घाटातल्या चांगल्या रस्त्यालाही हेच गणित. पसरणीचं वळण माझ्या आतड्यांना नक्की कुठे धरत होतं ते त्या दिवशी मला आकृतीसकट समजलं.

मग म्युनिकला शिकायला आलो आणि इथल्याच वेर्नर श्टेंगल या इंजिनिअरची करामत कळली. उलटं फिरवणाऱ्या लूपची हौस माणसाला फार जुनी. 1895 साली अमेरिकेत कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाची गाडी होती, तिचा लूप अगदी कंपासनं काढल्यासारखा गोल. लोक बसायचे आणि मान धरून उतरायचे. कारण साधं आहे. गोल लूपच्या वरच्या टोकाला माणूस जेमतेम सीटला टेकलेला राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी त्याच्यावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. म्हणजे सत्तर किलोचा सज्जन माणूस तळाशी चारशे वीस होतो. श्टेंगलनं 1976 साली कॅलिफोर्नियातल्या रेव्होल्यूशन या कोस्टरला गोल लूप दिलाच नाही. त्यानं रेल्वेचा तोच क्लोथॉइड उभा केला. तळाशी वळण ऐसपैस, वर आवळलेलं. लांबून बघितलं तर उलटा धरलेला मोदक. तेव्हापासून जगात जिथे जिथे माणूस पैसे देऊन उलटा होतो, तिथे बहुतेक मोदकातूनच होतो. मी हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघा, बाप्पा कुठे कुठे आहे."

खरं तर या धंद्याचा इतिहास म्हणजे दुसऱ्यावर ढकलण्याचा इतिहास आहे. सुरुवात रशियात, सेंट पीटर्सबर्गकडे, बर्फाच्या घसरगुंड्यांपासून झाली. फ्रेंचांनी ती उचलली आणि नाव ठेवलं 'रशियन डोंगर'. आणि रशियन लोक आज त्यालाच काय म्हणतात? 'अमेरिकन टेकड्या'! पोटात गोळा आणणारी गोष्ट आपल्या नावावर कुणालाच नको. जर्मनांनी मात्र कुणावरच ढकललं नाही. त्यांनी आकृती काढली, ती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसली, म्हणून 'आख्टरबान', आठाचा मार्ग, असं लिहून फाइल बंद केली.

अमेरिकेत या धंद्याला रूप दिलं ते लामार्कस थॉम्पसन या धार्मिक गृहस्थानं. लोकांनी दारूच्या गुत्त्यात जाऊ नये, काही निर्मळ करमणूक करावी, अशी त्याची तळमळ होती असं सांगतात. म्हणून 1884 साली कोनी आयलंडला त्यानं तिकीट 5 सेंट ठेवून गाडी सुरू केली. वेग ताशी 10 किलोमीटर. वाईच्या बाजारातली रिक्षा यापेक्षा जोरात अंगावर येते. थॉम्पसनचा आत्मा आज कुठे असेल तिथे असो, पण त्यानं सप्टेंबरात म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला येऊ नये. तिथे 1989 पासून गाजलेला ऑलिंपिया लूपिंग बघावा. ऑलिंपिकच्या पाच कड्यांसारखे एकापुढे एक पाच लूप, आणि सगळा सांगाडा सुटा करून ट्रकवर घालून नेता येण्यासारखा. म्हणजे सासऱ्यांची शंका अगदीच खोटी नव्हती, यात्रेबरोबर फिरणारेही असतात. आणि त्याच्या रांगेत उभं कोण, तर लिटरभर बिअरचा मग नुकताच खाली ठेवून आलेले सुसंस्कृत बव्हेरियन लोक. गुत्ता सोडवायला काढलेल्या गाडीसाठी माणसं गुत्त्यातून थेट येतात. मी दर वर्षी तिथे जातो, आणि वाऱ्याची दिशा बघून उभा राहतो.

माणसाचा स्वभाव हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड भार. पोलादाचं गणित पुस्तकात मिळतं. पण पाटीवर लिहिलेलं असतं 'हात आत ठेवा', आणि आम्हाला मात्र धरून चालावं लागतं की हात बाहेर येणारच. तेव्हा उंचातला उंच माणूस घ्यायचा, त्याचे हात-पाय शक्य तितके ताणायचे, आणि त्या ताणलेल्या माणसाच्या वाटेत एकही खांब येता कामा नये. मग त्या मापाचा सांगाडा गाडीवर चढवून ती रिकामी गाडी सगळ्या मार्गावरून हळूहळू ओढत नेतात. पालखीच असते ती. आम्ही हेल्मेटं घालून मागून चालतो आणि कुठे घासतं का ते बघतो. माझ्या पहिल्या पालखीच्या वेळी मी धीर करून साहेबांना म्हटलं,

"साहेब, हातात मोबाइलची काठी धरायची राहिली."

"काठीला बंदी आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, मी भारतातून आलोय."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि निमूटपणे अंतर वाढवून घेतलं.

चाचणीच्या फेऱ्यांना माणसं बसवत नाहीत. प्लॅस्टिकचे पुतळे असतात, त्यांत माणसाच्या वजनाइतकं पाणी भरतात. जगातले सगळ्यात समजूतदार प्रवासी. हात आत, तोंड मिटलेलं, खिडकीच्या जागेवरून भांडण नाही. मार्चमधल्या एका सकाळी असे चोवीस जण घेऊन माझी गाडी पहिल्यांदा निघाली. थर्मामीटर 2 अंशावर. गाडी पहिली टेकडी झोकात उतरली, लूपमधून डौलात गेली, तिसऱ्या टेकडीवर चढता चढता तिचा जोर कमी झाला, शिखर हातभर राहिलं असताना ती थांबली, क्षणभर तिनं विचार केला, आणि ती मागे यायला निघाली. मागे दुसरी टेकडी होती. तिथून पुन्हा पुढे. पुढून पुन्हा मागे. दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात चोवीस जण घेऊन ती मंद मंद झुलायला लागली. आत्या बरोबर होती. मी पाळणाच बनवला होता.

थंडीत चाकं कडक होतात, वंगण घट्ट होतं, गाडी हळू पळते; दुपारच्या उन्हात तीच गाडी उधळते. हे मला माहीत होतं. फक्त तक्त्यात तापमान भरताना मी मे महिना भरला होता. मनानं मी वाईत होतो. साहेब थर्मासमधली कॉफी घेत उभे होते. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ना या." जर्मन भाषेतले हे दोन छोटे शब्द म्हणजे आपलं 'असो'. ओरडले असते तर परवडलं असतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला एक पुतळा गळायला लागला, आणि सगळा कारखाना त्याच्या सीटखाली पडणारी धार बघत गप्प उभा राहिला.

क्रेन यायला वेळ होता. अशा वेळी माणूस आईला फोन करतो.

"आई, अडकलंय गं सगळं."

"कोण अडकलंय? किती जण?"

"चोवीस. वर, मधेच."

"अगं बाई! काही खाल्लंय का त्यांनी?"

"आई, पुतळे आहेत ते." पण तोवर फोन कटला होता.

संध्याकाळपर्यंत वाईत बातमी पक्की झाली की चोवीस मराठी मुलं जर्मनीत अडकली आहेत. त्यांतला एक मुलगा थंडीनं गारठून, सांगवत नाही असं काहीतरी झाला आहे, ही भर कुणी घातली ते कळलं नाही. माझ्या बायकोनं आत्याला धारेची गोष्ट सांगितली होती एवढं खरं. रात्री एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातून फोन आला.

"साहेब दूतावासाशी बोलतायत. मुलांची परिस्थिती काय आहे?"

"अहो, त्यांना रिकामं केलंय."

"म्हणजे सोडवलं?"

"नाही, पाणी काढलं."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

याच सुमाराला आमच्या मामांना मुतखडा झाला. कुळथाचं कढण झालं, पानफुटीची पानं झाली, बार्लीचं पाणी झालं, खडा जागचा हलेना. आणि नेमकं त्याच वेळी मी बोलून गेलो. अमेरिकेत डेव्हिड वार्टिंगर नावाचे एक डॉक्टर आहेत. त्यांचे काही रुग्ण सांगत आले की डिस्ने वर्ल्डच्या बिग थंडर माउंटन कोस्टरमध्ये बसलो आणि खडा पडला. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा हुबेहूब नमुना तयार केला, त्यात खरे खडे घातले, तो पाठपिशवीत ठेवला आणि ते कोस्टरमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसले. 2016 साली त्यांनी छापलं की पुढच्या सीटांवर साधारण 17 टक्के खडे पुढे सरकले, आणि मागच्या सीटांवर 64 टक्के! 2018 साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू येतं आणि मग विचार करावा लागतो अशा संशोधनाला देतात ते.

"चौसष्ट टक्के," मामा म्हणाले. "आमच्या वेळी एवढ्यात फर्स्ट क्लास यायचा."

"मामा, ती मवाळ गाडी आहे. आणि तो प्रयोग नमुन्यावर होता, डॉक्टरांना विचारल्याशिवाय—"

"तुझ्या नव्या गाडीचं उद्घाटन कधी आहे?"

मे महिन्यात मामा-मामी, सासू-सासरे, कुळथाचं पीठ आणि आलेपाक, असे सगळे म्युनिकला उतरले. उद्घाटनाच्या सकाळी मामींनी माझ्या लेकीच्या डोक्यावर एवढा उंच अंबाडा घातला की ती दारातून वाकून गेली. कारण उंचीची अट 120 सेंटिमीटरची, आणि आमच्या दाराच्या चौकटीवर गेल्या वर्षभरातल्या पेन्सिलीच्या रेघा 120 च्या खालीच घोटाळत होत्या. फाटकावर एक विशीतला विद्यार्थी मापाची काठी घेऊन उभा होता. त्यानं काठी अंबाड्यावर टेकवली आणि हळूच दाबली. अंबाडा बसला.

"बाबा, सांग ना त्याला, तू बनवलंयस ते!"

"अरे, ओळख दाखव की," मामाही म्हणाले. "बापाची गाडी आणि पोरीला वशिला नाही?"

मी जर्मनमध्ये त्या मुलाला सांगितलं की या गाडीचं डिझाइन मी केलं आहे. तो म्हणाला, "छान," आणि खाली वाकून तिच्या टाचा जमिनीला टेकल्यात का ते बघितलं. टेकल्या होत्या. काठी बरोबर 120 वर होती. "पण 140 पर्यंत सोबत मोठं माणूस लागेल," तो म्हणाला आणि त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. त्या पाटीच्या मसुद्यावर माझी सही आहे.

मी लगेच म्हटलं, "तुम्ही सगळे जा, मी पिशव्या सांभाळतो." माझा आयुष्यभराचा हुकमी डाव. पण बाकावर सासरे केव्हाच बसले होते, रक्तदाबाचं कारण सांगून, सगळ्या पिशव्या भोवती रचून. माझी जागा गेली होती. बायकोनं मोबाइल वर धरला होता, तिला चित्रण करायचं होतं. तेवढ्यात पार्कचे मालक, आमचे साहेब आणि दोन वार्ताहर तिथे आले, आणि लेकीनं स्वच्छ जर्मनमध्ये विचारलं, "बाबा, तू बनवलेली गाडी सेफ नाहीये का?"

मी बसलो.

शेवटची रांग, मामांच्या हट्टापायी. मी, लेक, मामा आणि एक अनोळखी जर्मन. मामांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून माझ्या सीटवर अंथरलं. त्या विद्यार्थ्यानं ते काढून घडी घालून ठेवलं, सुट्या वस्तू नेता येत नाहीत. बार खाली आला. खालून सासऱ्यांची हाक आली, "लाइट आहे ना?"

साखळीनं गाडी वर ओढायला सुरुवात केली. टक, टक, टक, टक.

"चेन तेल मागतीये," मामा म्हणाले.

"नाही मामा, गाडी मागे सरकू नये म्हणून खालच्या दातांवरून खटका पडत जातो. तोच आवाज. तो आवाज येतोय म्हणजे आपण सुरक्षित आहोत."

"मग सगळे त्यालाच का घाबरतायत?"

"आवाज बंदही करता येतो. पण मग लोकांना मजा येत नाही."

"विचित्र धंदा आहे तुझा," मामा म्हणाले, आणि आम्ही पडलो.

पुढचं सगळं मला पाठ होतं. कितव्या सेकंदाला सीटवरून उचलले जाणार, कुठे वजन दुप्पट होणार, कुठे मोदक. आकडे मला पाठ होते, पोटाला नव्हते. आजी ज्याला 'पोटात गोळा येणं' म्हणायची तो गोळा मी तीन वर्षं दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत मोजला होता, आणि आता तो गोळा मला मोजत होता. लेक खिदळत होती. अनोळखी जर्मन देवाचं नाव घेत होता. मामा पहिल्या टेकडीपासून शेवटपर्यंत एका सुरात काहीतरी सांगत होते. वाऱ्यात मला 'पसरणी' एवढाच शब्द ऐकू आला. गाडी ब्रेकवर थांबली तेव्हा ते म्हणाले, "संपलं? एवढ्यासाठी तीन वर्षं?"

बाहेर पडताना फोटोचं दुकान. आता हा कॅमेरा कुठे बसवायचा हेही आम्हीच ठरवतो, आणि तो जिथे तोंड सगळ्यात जास्त उघडतं तिथे बसवतात. ती जागा मी निवडली होती. पडद्यावर फोटो आला. लेकीचे दोन्ही हात वर, अंबाडा सुटून झेंड्यासारखा. मामा कॅमेऱ्याकडे बघून बोलतायत. आणि दोघांच्या मधे डोळे मिटून, गाल कानांपर्यंत गेलेला, बार दोन्ही हातांनी आवळून धरलेला मी. मामांनी दोन प्रती घेतल्या.

एक आमच्या वाईच्या घरी हॉलमध्ये लावली आहे. आलेले पाहुणे विचारतात, "हा मधला कोण? फिट येते का त्याला?" आणि आई अभिमानानं सांगते, "तोच. त्यानंच बनवलीये ती गाडी."

मामा परतल्यावर दहा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"पडला रे, पडला!"

मला आनंदानं काही सुचेना. "मामा, म्हणजे माझ्या कोस्टरमुळे?"

"छे रे! काल एसटीनं येत होतो. मागची सीट. शाळेपुढे नवा गतिरोधक घातलाय, ड्रायव्हरला दिसला नाही. मी असा उडालो की टपाला टेकून आलो. घरी येतोय तो काम झालेलं!"

"किती उंच आहे गतिरोधक?"

"कोण मोजतंय!"

"साधारण. गुडघ्याएवढा? आणि एसटीचा वेग किती असेल? सीटपासून टप किती उंच?"

"तुला कशाला हवंय ते?" मामांनी विचारलं.

मी पेन शोधत होतो.